हे पुस्तक नव्हे

धाकटीला धाकटी म्हणायला लागले तेव्हा घरात थोरलं असं कोणी नव्हतंच. थोरली होती, ती धाकटीच्या जन्माआधीच तापाने गेली, तीन वर्षांची असताना. पण गेली म्हणून तिची जागा काही कोणाला देऊन टाकली नाही. आता पन्नाशीला टेकलेली, गुडघ्यांची कुरकुर ऐकत जिने चढणारी धाकटी अजूनही त्या तीन वर्षांच्या पोरीला ताईच म्हणायची. लग्न का नाही केलंस, असं कोणी विचारलं तर सांगायची, "मोठीचं व्हायचंय ना अजून." विचारणारा बुचकळ्यात पडायचा आणि ही मान खाली घालून परत काच घासायला लागायची.

चष्म्याच्या दुकानात ती मागच्या खोलीत बसे. पुढे मालक आरशासमोर गिऱ्हाइकांना "अहो, दहा वर्षांनी लहान दिसताय" म्हणत फ्रेमा विकायचा, मागे ही त्या फ्रेमांत बसतील अशा काचा घासायची. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार, ओट्यावर काचेचा पांढरा गाळ. नखांत तोच, केसांत तोच. निदान केस पांढरे का झाले याला एक कारण होतं, असं ती म्हणे.

ताईचा घरात एकही फोटो नव्हता. काढू काढू म्हणत राहून गेला होता. तिचे कपडे आईने एका दिवसात वाटून टाकले आणि पुढे कित्येक वर्षं त्या एका दिवसावर स्वतःशीच चिडत राहिली. ताईचं म्हणून उरलं होतं काय, तर एक गोगलगाय.

बाबा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पोरं पाठीमागे गोगलमास्तर म्हणायची, ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शहराबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तिच्या ओल्या भिंतीवर टाचणीच्या डोक्याहून जराशाच मोठ्या गोगलगायी मिळत. त्यांतली एक निराळी होती. गोगलगायींचे शंख बहुतेक सगळे उजवीकडे वळत जातात. हिचा डावीकडे वळायचा. ताईही डावखुरी होती. चमचा डाव्या हातात धरायची. आईने काढून उजव्या हातात दिला की आईच्याच डोळ्यांत बघत, हसत, तो परत डाव्यात घ्यायची.

ताई गेली त्या वर्षी बाबांनी खाणीतल्या आठ नव्या गोगलगायींची वर्णनं लिहून काढली, चित्रंही स्वतःच काढली. एका छोट्या छापखान्यातून त्याचं बत्तीस पानांचं पुस्तक करून आणलं. त्या डावखुऱ्या गोगलगायीला त्यांनी ताईचं नाव दिलं, मागे एक लॅटिन शेपूट लावून. का दिलं, ते पुस्तकात एवढंच लिहिलं होतं: "नाव एका मुलीवरून."

पुढे ते नाव लोकांनी उचललं. ओढ्यांच्या पाहणीचे अहवाल निघाले त्यांत ते आलं, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आलं. शहरातल्या संग्रहालयाने एका काचपेटीत त्या गोगलगायीचं वाढवून काढलेलं चित्र लावलं आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत ते नाव.

"बहिणीच्या नावाची गोगलगाय आहे," धाकटी म्हणायची, "आणि माझ्या नावाची दारावर पाटीसुद्धा नाही."

आई अशा बोलण्यात भाग घ्यायची नाही. गोगलगायींविषयी तिचं एकच ठरलेलं वाक्य होतं. "लोक माणसांना नावं ठेवतात. आमच्याकडे गोगलगायींना ठेवतात." बाबा ज्या मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक घेऊन बसत त्या खोलीत ती केर काढायलाही जात नसे. पण एकदा धाकटी तिला संग्रहालयात घेऊन गेली, तेव्हा त्या पेटीपाशी आल्यावर आईचे पाय एकदम दुखायला लागले. समोर बाक होता. त्यावर ती बसली ती पहारेकरी दिवे बंद करायला येईपर्यंत. त्यानंतर आईचे पाय दर महिन्याला दुखू लागले, आणि पायांचा डॉक्टर नेमका संग्रहालयाच्या रस्त्यावर निघाला. धाकटीने त्या डॉक्टरची पाटी कधी शोधली नाही.

अर्जवाली आली ती एका रविवारी सकाळी. विद्यापीठात गोगलगायींवर काम करणारी तरणी मुलगी. पाठीला भली मोठी पिशवी, बोलणं अगदी मऊ. बसल्या बसल्या तिने "मी एक अर्ज केलाय" असं सुरू केलं, म्हणून आईने तिचं नाव अर्जवाली ठेवलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

"सर, मी शिकत असतानाच तुमचं पुस्तक वाचलंय."

"सगळं?" बाबांनी विचारलं.

"बत्तीसच पानं आहेत, सर."

"हो, पण लोक चित्रंच बघतात."

मग तिने हळूहळू सांगितलं. बाबांच्या पुस्तकानंतर काही वर्षांनी दूरच्या एका देशातल्या शास्त्रज्ञाने तीच डावखुरी गोगलगाय दुसरीकडे मिळवली आणि एका रीतसर नियतकालिकात तिला आपलं वेगळं नाव दिलं. त्याला बाबांचं पुस्तक ठाऊक नव्हतं. आता दोन्ही नावं चालतात, अर्धे लोक हे वापरतात, अर्धे ते, आणि सगळा घोळ होतो. नियम साधा आहे, आधीचं नाव खरं. पण ते नाव जिथे छापलं ती कृती धरण्यासारखी असली पाहिजे.

"म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"प्राण्यांच्या नावांसाठी एक आयोग असतो. कोणतं पुस्तक नाव द्यायला धरायचं आणि कोणतं नाही, असा वाद झाला की तो आयोग निकाल देतो. आणि या पुस्तकात..." तिने पिशवीतून पहिल्या पानाची झेरॉक्स काढली आणि अपराधी चेहऱ्याने टेबलावर ठेवली.

कोणी वाकून पाहिलं नाही. ते पान घरात सगळ्यांना पाठ होतं.

हे पुस्तक नव्हे. चार मित्रांच्या हाती द्यावीत अशी ही टिपणं आहेत. कोणी यांना प्रसिद्ध झालेलं समजू नये.

बाबांच्या घराण्यात कोणत्याही गोष्टीला "आहे" म्हणायची पद्धतच नव्हती. बाबांच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा ते लोकांना "एक आडोसा केलाय" म्हणून सांगत. बाबा स्वतः सुवर्णपदक मिळवलेलं असताना आईला बघायला गेले आणि म्हणाले, मी काही फारसा शिकलेलो नाही. ("माझे वडील नकोच म्हणणार होते," आई सांगायची, "आई पाहुण्यांच्या घरी जाऊन कपाटातलं पदक बघून आली म्हणून निभावलं.") कोणाला काही द्यायचं झालं तर ते पाठीमागे लपवत, पुढे सरकवत, "काही नाही, असंच." धाकटीही गिऱ्हाइकाला चष्मा देताना हेच म्हणायची आणि मालक तिच्यावर खेकसायचा, "असंच काय असंच! बिल करायचंय!"

त्यातून ते वर्ष तसं होतं. घरात एवढं झालेलं असताना आपण पुस्तक काढतोय म्हणजे मिरवतोय असं वाटेल, या धास्तीने बाबांनी ती ओळ आणखी एकदा खाली वाकवली असणार. कॉलेजात तिचं केवढं कौतुक झालं होतं. प्राचार्यांनी ती सभेत वाचून दाखवली होती. आतल्या आठ गोगलगायींचं इतकं कौतुक झालं नाही.

"नियम असा आहे," अर्जवाली म्हणाली, "की ज्या कृतीत मला प्रसिद्ध झालेलं धरू नका असं लिहिलेलं असतं, ती धरत नाहीत."

"म्हणजे माणूस नम्रपणे काही बोलला तर ते खरं मानायचं?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"हो, आजी."

"मग उद्धट लोकांनीच नावं ठेवायची."

"बहुतेक तसंच झालंय, आजी," अर्जवाली म्हणाली, आणि आपण एकटीच हसलो हे लक्षात येऊन थांबली.

बाबा हसले नव्हते. ते म्हणाले, "नियम बरोबर आहे. मी तो वर्गात शिकवलाय."

"पण सर, आयोगाला खास अधिकारही असतात. नाव फार वापरात असेल तर ते नियम बाजूला ठेवून एखादी कृती धरा असं म्हणू शकतात. मी अर्जात दोन्ही बाजू लिहिल्यात. आता लोकांनी मतं पाठवायची, ती आयोगाच्या पत्रिकेत छापून येतात, मग मतदान. तुम्ही स्वतः लिहिलंत, की ती ओळ नुसती रीत म्हणून लिहिली होती..."

"चहा निवतोय," बाबा म्हणाले.

ती गेल्यावर आईने तिचा कप विसळला, पुसला, जागेवर ठेवला, आणि मग परत काढून परत विसळला. "मुलगी वाईट नाही," ती म्हणाली. "वाईट असती तर बरं झालं असतं."

धाकटीने त्या दिवसापासून कंबर कसली. आयुष्यात तिने कोणाकडे शब्द टाकला नव्हता. दुकानातली रजासुद्धा ती चिठ्ठीवर लिहून मालकाच्या टेबलावर ठेवून पळायची. आता मात्र संग्रहालयातून निवृत्त झालेल्या बाईंना ती घरी जाऊन भेटली. बाई एका कानाने ऐकत नव्हत्या, त्यामुळे ताईची सगळी हकीकत तिला मोठमोठ्याने ओरडून सांगावी लागली. शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या. आयुष्यभर जे घरात कुजबुजीत बोललं गेलं ते अशा रीतीने एका अनोळखी गल्लीला कळलं. बाई म्हणाल्या, "असं होय! एका मुलीवरून म्हणजे ती मुलगी!" आणि त्यांनी चांगलं खणखणीत पत्र लिहून दिलं. ओढ्यांची पाहणी करणाऱ्या खात्यातल्या इंजिनिअरनेही लिहिलं, की आम्ही हेच नाव वापरतो आणि आता सगळे तक्ते बदलायचे म्हणजे डोक्याला ताप. दुकानाचा मालकसुद्धा म्हणाला, "माझी सही चालेल का? गोगलगायीला चष्मा लागला तर फुकट देईन म्हणून लिहा." पण ते हसून सोडून देताना त्याने तिला दुपारची सुट्टी दिली, न मागता.

बघता बघता बरीच पत्रं जमली. धाकटी रात्रीच्या जेवणाला ती वाचून दाखवायची. आई ऐकत नसल्यासारखं करत भात दुसऱ्यांदा वाढायची. घरात एक वेगळीच हवा आली होती. आई एकदा चक्क म्हणाली, "ते लॅटिन शेपूट लावल्यावर नाव बरं वाटतं. भारदस्त."

फक्त बाबा लिहायला तयार नव्हते.

"बाबा, दोन ओळी. ती रीत होती, एवढंच म्हणायचंय."

"पण ती रीत नव्हती."

"मग काय होतं?"

"मला ते खरंच पुस्तक व्हायला नको होतं." बाबा चष्मा काढून पुसायला लागले. धाकटीने स्वतः घासलेल्या काचा होत्या, त्यांना पुसायची काही गरज नव्हती. "चार जणांनी वाचावं आणि कोणी काही विचारू नये, असं वाटत होतं. त्या मुलीचं कोणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? मी लिहिलं ते मनापासून लिहिलं. आता नाही कसं म्हणू?"

"ताईसाठीसुद्धा नाही?"

"ताईला मध्ये आणू नकोस."

धाकटी चिडली. एवढी वर्षं ताई मध्येच तर होती. जेवायच्या टेबलाची चौथी खुर्ची कशासाठी होती? पण ती पत्रं गोळा करून उठली. तिलाही घराणं तेच लाभलं होतं.

मतं पाठवायची मुदत संपत आली तेव्हा आई त्या मागच्या खोलीत गेली. धाकटी दारातच उभी राहिली, कारण आई उंबरठा ओलांडतेय हेच तिला खरं वाटेना. आई सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाला धरून उभी राहिली. तिने इकडेतिकडे पाहिलं, आपल्याच घरातली पण कधी न बघितलेली खोली पाहावी तसं.

"अहो, ते पत्र लिहा."

"अगं, ते खोटं होईल."

"होऊ दे. जन्मभर खरं लिहीत आलात, त्याने काय मिळालं? एक खोटं लिहा." मग तिने ताईचं नाव घेतलं. धाकटीने ते नाव अहवालांत वाचलं होतं, पेटीवर वाचलं होतं, बाबांच्या तोंडून शेपटासकट ऐकलं होतं. आईच्या तोंडून कधीच नव्हतं ऐकलं. शेपटाशिवाय ते नाव किती लहान होतं. "ती गेली तेव्हा तुम्ही खोलीत जाऊन बसलात," आई म्हणाली. "गोगलगायी बघत. मी काही म्हटलं नाही. म्हटलं, यांना तिथे ती भेटत असेल. मला कुठे भेटते ती? त्या पेटीपाशी. तेवढंच आहे माझ्याकडे. ते तरी पुसू देऊ नका."

बाबांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. पायांचा डॉक्टर त्यांनाही बहुधा त्याच क्षणी कळला.

त्यांनी लिहिलं. धाकटीने टाइप करून पाठवलं. ती ओळ केवळ शिष्टाचार म्हणून घातली होती, पुस्तक जगभरातल्या अभ्यासकांसाठीच काढलं होतं, ते प्रसिद्ध करण्याचाच माझा हेतू होता. सही वाकडी आली, पण हल्ली त्यांच्या सगळ्याच सह्या वाकड्या यायच्या.

काही महिन्यांनी आयोगाची पत्रिका आली. त्यात बाईंचं पत्र होतं, इंजिनिअरचं होतं, आणि त्यांच्यामध्ये बाबांचं, खाली त्यांचं नाव. बाबांनी ते पान डोळ्यांजवळ धरून वाचलं. "आयुष्यात माझं पहिलंच लिखाण रीतसर प्रसिद्ध झालं," ते म्हणाले. "यावर कोणालाही शंका घेता येणार नाही."

धाकटीला आधी तो विनोद वाटला. ती हसलीसुद्धा. मग बाबांनी पत्रिका मिटली आणि टेबलावर पालथी ठेवली, तेव्हा तिला कळलं की तो विनोद नव्हता.

निकाल यायला वर्षाहून जास्त लागलं. मधल्या काळात आईच्या पायांचं दुखणं वाढलं, खरंखुरं दुखणं, पण ती महिन्याची फेरी चुकवेना. जिन्याच्या प्रत्येक पायरीला थांबायची. धाकटीने एकदा म्हटलं, "आई, रिक्षाने जाऊ." आई म्हणाली, "डॉक्टरने चालायला सांगितलंय." कोणत्या डॉक्टरने, ते धाकटीने विचारलं नाही.

निकाल अर्जवालीनेच पाठवला, आणि पाठोपाठ फोन केला, वाचलात का म्हणून. धाकटी दुकानात होती. तिने तो मागच्या खोलीत उभ्याउभ्या वाचला. यंत्र बंद करायचं राहिलं होतं, पाणी वाहत होतं.

आयोगाने मोठ्या बहुमताने ठरवलं होतं की खास अधिकार वापरण्याइतकं कारण दिसत नाही. दुसरं नावही पुरेसं रुळलेलं आहे. सदर कृती प्राण्यांच्या नामकरणासाठी प्रसिद्ध झालेली धरता येणार नाही. तिची नोंद अमान्य कृतींच्या अधिकृत सूचीत करण्यात यावी. लेखकाच्या पत्राबद्दल एक वेगळं वाक्य होतं, आदराचं: लेखकाने नंतर व्यक्त केलेल्या हेतूमुळे कृतीत जे छापलेलं आहे ते बदलत नाही.

"ताई, वाईट वाटतंय मला," फोनवर अर्जवाली म्हणाली.

ताई! धाकटीला पन्नास वर्षांत कोणी ताई म्हटलं नव्हतं. "तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

घरी तिने तो वाचून दाखवला. संपल्यावर आईने विचारलं, "सूचीत म्हणजे?"

"धरायची नाहीत अशा पुस्तकांची यादी असते. त्यात."

"म्हणजे हे धरू नका, हे सगळ्यांनी कायमचं लक्षात ठेवायचं."

"हो."

"विसरले असते तर बरं होतं," आई म्हणाली.

बाबांनी निकालाचा कागद मागून घेतला, स्वतः एकदा वाचला, आणि मान हलवली. "बरोबर आहे. नीट कारणं देऊन लिहिलाय. मी तिथे असतो तर माझंही मत हेच पडलं असतं."

आई त्यांच्याकडे वळली. "मग ते पत्र लिहिलंत कशाला?"

"तू म्हणालीस म्हणून."

आईने पदराने टेबलाचा कोपरा पुसला, जिथे काही सांडलेलं नव्हतं, आणि ती उठून गेली. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलायची ती दूध आलं का, औषध घेतलं का, एवढंच. भांडण नव्हतं. भांडण असतं तर ते मिटलं असतं.

पुढच्या महिन्यात आई ठरल्यासारखी बाहेर पडली, आणि अर्ध्या वेळात परत आली. धाकटी त्या दिवशी घरीच होती.

"एवढ्यात? बाक हलवलाय का तिथला?"

"बाक आहे," आई म्हणाली. चपला काढताना तिने भिंतीला हात टेकला. "चित्रही आहे. खाली दुसरंच कोणीतरी आहे."

त्यानंतर तिचे पाय दुखले तरी ती घरातच बसायची.

अर्जवाली पुन्हा एकदा आली. यावेळी तिने पिशवी दाराशीच ठेवली, जणू आत आणणं बरं दिसणार नाही. तिला डोंगराच्या पलीकडे एक नवी गोगलगाय मिळाली होती, कोणीच वर्णन न केलेली. पुढच्या वर्षी ती रीतसर छापली जाईल. "तेच नाव तिला देता येईल, आजी. ते नाव आता मोकळं आहे, कारण आधीचं धरलेलंच नाही. मला फार आवडेल."

मोकळं. धाकटीने आईकडे पाहिलं. आईने त्या शब्दावर डोळे मिटले होते. मग उघडून विचारलं, "कोणीकडे वळते ती?"

"आजी?"

"शंख कोणीकडे वळतो तिचा? उजवीकडे का डावीकडे?"

"उजवीकडेच. नेहमीसारखा."

"मग नको," आई म्हणाली. "ती कोणी दुसरी असेल."

अर्जवालीने धाकटीकडे पाहिलं, मग जरा अडखळत म्हणाली, "तुमचं नाव...? तुमच्यावरून ठेवलं तर?"

धाकटी आयुष्यभर ज्यावर विनोद करत आली होती ते असं समोर ठेवलं गेलं, बशीत घातल्यासारखं. तिने बाबांकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं नाही. पण दोघं आपल्याकडे बघत नाहीयेत हे तिला न बघताही कळलं. एकाने तरी वर बघितलं असतं.

"छे, माझं कशाला," ती म्हणाली.

अर्जवाली गेली. बाबा मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी धाकटीला हाक मारली. टेबलावर त्यांनी खाणीतल्या गोगलगायींच्या काचेच्या नळ्या काढून ठेवल्या होत्या, करंगळीएवढ्या, तोंडाशी कापसाचा बोळा. प्रत्येकीत दोनतीन शंख आणि एक चिठ्ठी गुंडाळून घातलेली. डावखुऱ्यांच्या नळ्या त्यांनी बाजूला लावल्या होत्या. चिठ्ठ्यांवरची शाई तपकिरी झाली होती. अक्षर तरुण बाबांचं होतं.

"तुझं अक्षर बारीक आहे," ते म्हणाले. "माझा हात आता चालत नाही. नव्या चिठ्ठ्या करायच्यात."

धाकटीला कळायला एक क्षण लागला. "बाबा, हे तर आपल्या घरातलं आहे. इथे कोण बघायला येतंय?"

"म्हणून चुकीचं नाव ठेवायचं?"

दारात आई आली होती. हातात औषधाची गोळी आणि पाणी. "आजच पाहिजे का?" तिने विचारलं. कितीतरी दिवसांत बाबांशी दूध-औषधापलीकडचं हे पहिलं वाक्य.

"मी गेल्यावर कोण करणार?" बाबा म्हणाले. ते कठोरपणे म्हणत नव्हते. त्यांचे डोळे ओले होते, आणि ते तसेच ओल्या डोळ्यांनी पहिल्या नळीतला कापूस चिमट्याने ओढत होते. आईने गोळी आणि पाणी टेबलाच्या कडेला ठेवलं आणि ती गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून नळ सोडल्याचा आवाज आला. भांडं घासल्याचा आवाज मात्र आला नाही, नुसतंच पाणी.

धाकटी बसली. तिने कात्रीने कागदाची पट्टी कापली, सगळ्यात बारीक निबाचं पेन घेतलं. बाबा एक एक अक्षर सांगत गेले त्या दूरदेशीच्या नावाचं, आणि ती लिहीत गेली. खाली खाण, वर्ष, बाबांचं नाव. ते सगळं तसंच राहिलं. एकच शब्द बदलायचा होता.

"जुनी चिठ्ठी टाकायची नसते," बाबा म्हणाले. "नियम आहे. नवीच्या मागे तीही आत ठेवायची. कोणी काय समजत होतं ते पुढच्याला कळलं पाहिजे."

तिने दोन्ही चिठ्ठ्या एकात एक गुंडाळून नळीत घालून पाहिल्या. शंख चिरडतील असं वाटलं. पुन्हा पाहिलं, आणखी घट्ट गुंडाळून. नळी फारच अरुंद होती.

"दोन मावत नाहीत, बाबा."

"मग ठेव कुठेतरी."

"कुठे ठेवू?"

बाबांनी तिने लिहिलेली नवी चिठ्ठी उचलून भिंगाखाली धरली, ओठ हलवत वाचली, आणि परत तिच्यासमोर ठेवली.

"एक अक्षर राहिलंय मधलं," ते म्हणाले. "परत लिही."

तिने दुसरी पट्टी कापली.